उजवा कौल

रत्नागिरीच्या डायलिसिस सेंटरमध्ये आमचे हे आत मशीनवर असले की मी बाहेरच्या बाकावर बसायचे. शेजारी संगमेश्वराकडची एक बाई असायची. तिचा मुलगाही आतच असायचा. तिचं नाव मी कधी विचारलं नाही. बोलता बोलता तिचा हात पदराच्या गाठीकडे जायचा. गाठीत देवीच्या कौलाचं वाळलेलं फूल होतं.

मुंबईच्या डॉक्टरांनी तिला विचारलं होतं, मुलाला किडनी देणार का? ती म्हणाली, "देवीला इचारून सांगतंय." आमच्याकडे घराचा पाया खणायचा तरी आधी कौल लावतात, ही तर किडनी. देवीच्या मूर्तीला लावलेलं उजवं फूल पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार. चौथ्या दिवशी उजवं पडलं. तिने लगेच मुंबईला फोन करवला. "कळवतो," असं उत्तर आलं. ती वाट बघत राहिली. तुमची फाईल दाखवा बघू, असं म्हणायचं मलाही कधी सुचलं नाही.

मग तीन आठवडे ती दिसली नाही. आली ती एकटीच. मुलाच्या खाटेवर दुसराच पेशंट होता. तिने फाईलमधला इंग्रजी कागद माझ्यापुढे धरला. मी तो मराठीत सांगितला. आई किडनी द्यायला तयार नाही, म्हणून फाईल बंद. तारीख कौलाच्या आधीची, तिने 'इचारून सांगतंय' म्हटलं त्याच दिवसाची.

तिने गाठ सोडून ते फूल कागदावर ठेवलं.

"देवीनं उजवा दिलान. ह्यांनी डावा लिवलानी." मग म्हणाली, "आता उपेग नाय, बाई. पन हितं खाली लिवा, आवस हो बोलली व्हती."

मी लिहिलं, आई हो म्हणाली होती. मान वर केली, तर ती अंगठा पुढे धरून बसली होती.