लाडकुंवरअक्कांच्या डावीकडची जागा

लाडकुंवरअक्कांकडे मी एकवीस वर्षं स्वयंपाक करते. जळगावात त्यांचं डाळीचं दुकान आहे. त्यांचे यजमान भिकमचंदशेठ गेल्यापासून मुलगा तरुणभाऊ बघतात. दिवाळीनंतर घरचे चार दिवस दिवेआगरला निघाले तेव्हा मलाही सोबत घेतलं. अक्का बाहेरचं खात नाहीत. कांदा-बटाटा वर्ज्य, आणि सूर्य मावळला की अन्नपाणी बंद ते थेट दुसऱ्या सकाळपर्यंत.

बॅग भरताना अक्का म्हणाल्या, "भागा, मला तिथं एकच करायचंय. तरुणच्या शेजारी बसून सूर्य समुद्रात जाताना बघायचाय. शेठ नेतो नेतो म्हणाले, राहूनच गेलं."

"मग सांगा की भाऊंना."

"नको. त्यानं आपणहून म्हणायला हवं."

जळगावच्या जैन संघाच्या कॅलेंडरचं नोव्हेंबरचं पान त्यांनी फाडून बॅगेत घातलं. रोजच्या सूर्यास्ताची वेळ त्यावर छापलेली असते.

तिथे करण्यासारखं पुष्कळ होतं. वाळूवर चालणं, घोडागाडी, पाण्यावरची स्कूटर, केळ्याच्या आकाराची फुगवलेली बोट. नातू रोनक मागे लागला, "दादी, चला की केळ्यावर बसायला!"

"रावेरची केळी जन्मभर खाल्ली, आता वर बसू का?" अक्का म्हणाल्या. सगळे हसले आणि गेले.

साडेपाचला मी अक्कांना वाढायची. मग पाच वाजून एकोणपन्नास मिनिटांपर्यंत त्या घोट घोट पाणी प्यायच्या. शेवटचा घोट झाला की हात जोडून नेम घ्यायच्या. बाकीचे तोवर किनाऱ्यावर गेलेले असायचे. "आता जाऊन काय, मावळला तो," म्हणत त्या माळ घेऊन खोलीतच बसायच्या. आम्ही उतरलो होतो त्या वाडीत नारळी-पोफळीची इतकी दाटी, की तिथून आभाळ काही दिसायचं नाही.

रोनक परत येऊन फोटो दाखवायचा. "मम्मी, चला" असं तरुणभाऊ तीन दिवसांत एकदाही म्हणाले नाहीत. आईच्या नेमात मध्ये कशाला पडा, असं त्यांना वाटत असेल.

चौथ्या दिवशी ते, सूनबाई प्रियल आणि रोनक बोटीने जंजिरा बघायला गेले. संध्याकाळी अक्कांनी पाणी सोडल्यावर मी आमसुलं आणायला निघाले. वाडीच्या टोकाशी आले आणि थबकले. सूर्य पाण्याच्या वर चांगला वीतभर होता! तशीच मागे पळाले.

"अक्का, सूर्य शे अजून वर! उठा!" घाईत माझी अहिराणीच निघाली.

"वेडी का गं? एकोणपन्नासला मावळला."

"तो आपल्या जळगावचा! इथला आहे अजून."

अक्का त्या पानाकडे बघत राहिल्या. समुद्र आपल्यापासून किती पश्चिमेला, तिथे सूर्य उशिरा मावळणार, हे आम्हा दोघींच्या डोक्यात आलंच नव्हतं.

"म्हणजे तीन दिवस मी जाऊ शकले असते," त्या म्हणाल्या.

"आता निदान दोन घोट पाणी तरी घ्या."

"नाही. एकदा हात जोडले ते जोडले. चल."

त्यांचे पाय वाळूत रुतत होते. मी मनातल्या मनात आमच्या कानबाई देवीला विनवत होते, माय, दोन मिनिटं थांबव त्याला. पोचलो तेव्हा खालची कड पाण्याला टेकली होती. अक्का वाळूतच बसल्या. मी डावीकडे बसायला गेले तर म्हणाल्या, "तिथं नको, ती तरुणची जागा. तू या बाजूला ये."

मी उजवीकडे बसले. सूर्य अर्धा झाला, चिमूटभर उरला, गेला. अक्कांनी हात जोडले. आजूबाजूला माणसं पुष्कळ होती, पण आमच्याशी बोलणारं कोणी नव्हतं. अंधारून येईपर्यंत त्या उठल्या नाहीत.

तरुणभाऊ आल्या आल्या म्हणाले, "मम्मी, बोटीतून सूर्यास्त काय सुंदर दिसला! तुम्ही काय केलंत?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात अक्कांनी माझा हात दाबला.

"काही नाही रे. बसले होते."

"बरं," म्हणाले आणि पायाची वाळू धुवायला गेले.