नवरात्रातले गिलास

चौथा गिलास मीच भरून दिला. दत्तराव बाकावर बसून घाम पुसत होता.

"मावशी, तोंडाला लई कोरड पडून राहिली. अजून एक द्या."

"पोटात अन्न न्हाई, कोरड पडणारच," म्हणत मी लिंबू जरा जास्त पिळलं.

कनेरगाव नाक्यावर माझी रसवंती आहे. चरकातून ऊस तीनदा काढला की रस गाळणीत पडतो आणि चिपाड, म्हणजे चोथा, मागे जातो. दत्तरावाला शुगर होती, बीपीची गोळी होती. वर्षभर तो बिनसाखरेचा चहा प्यायचा. नवरात्रात मात्र नऊ दिवस अन्न सोडायचा. रस उपासाला चालतो, म्हणून शुगरलाही चालतो, असं त्यानं धरलं होतं. मीही धरलं होतं. उसाची साखर बाधत नाही, असं मीच गिऱ्हाइकांना सांगायचे.

पाचव्या दिवशी तो बाकावरून उठेना. बरळायला लागला. त्याची बायको कमल शेतातून पळत आली. जीप थांबवून आम्ही त्याला हिंगोलीला नेलं.

डॉक्टरीणबाईंनी बोटाला सुई टोचली. मशीनवर आकडाच येईना, इतकी शुगर.

"काय खाल्लं यांनी?"

"काहीच न्हाई हो. पाच दिवसांचा कडक उपास हाय," कमल म्हणाली.

बाई सलाईन लावता लावता थांबल्या. मी गप्प बसले असते तर धंद्याला बरं होतं.

"रस पेला त्यानं. दिवसाला पाच-सहा गिलास. माझ्याकडं."

कमल माझ्यावर उखडली. "अन् तुमी देत गेल्या? शुगर हाय ते ठावं न्हवतं व्हय?"

"ठावं होतं."

बाईंनी मला विचारलं, "आजी, चावून ऊस किती खाल?"

"दोन कांड्या."

"आणि गिलासात?"

"अख्खा ऊस."

"चोथा तुम्ही फेकता. साखर तेवढी झटकन रक्तात जाते. तिनंच तहान लागते, आणि तुम्ही परत रस देता. रोज असं चाललं तर हृदयाच्या नळ्याही खराब होतात. मोसंबीचा रस काय, थंड्याची बाटली काय, शुगरवाल्याला सारखंच."

दत्तराव आठ दिवस अॅडमिट होता. वाचला. पुढच्या नवरात्रात पुन्हा आला.

"अर्धाच द्या, मावशी."

"न्हाई."

"मग रसवंती काहून चालवता?"

"ज्याला सोसतो त्याच्यासाठी."

तो रागानं उठून गेला. अजून येत नाही. कमल म्हणते, घरी ताक पितो.

रस मी आजही विकते. तो तब्येतीला चांगला असतो, एवढं सांगणं बंद केलं.