कुलूपबंद डायल

"करून दाखव," शेठ म्हणाले.

गादीवरचा काळा फोन त्यांनी माझ्यापुढं ढकलला. डायलच्या भोकात पितळी कुलूप. समोर दिवाणजी, शेठचा भाचा, दोन गिऱ्हाइकं, चहावाला आणि पोती टाकून आलेले पाच-सहा माथाडी. या सगळ्यांसमोर माझी पर्स आधीच उपडी करून झाली होती. डबा, बसचा पास, कंगवा, आणि पिशवीत गुंडाळलेला, महिन्याच्या दिवसांतला कपडा. पिशवीतून तो बाहेर आला, तेव्हा शेठनं पेनाच्या टोकानं बाजूला सारला. किल्ली सापडली नाही. म्हणून मग हे. कुलूप न उघडता फोन कसा लावतेस, करून दाखव.

मी करून दाखवलं. एकोणीस वर्षांची होते. मला वाटलं, एकदा दाखवलं की किल्ली चोरली नाही हे तरी पटेल. रिसीव्हर उचलला. तो ठेवतो तिथली दोन बोंडं बोटानं टिचक्या मारत दाबली आणि दिवाणजींच्या घरचा नंबर लावला. पलीकडून त्यांच्या बायकोचा आवाज आला आणि गाळ्यात हशा पिकला.

"बघितलं?" शेठ गिऱ्हाइकांना म्हणाले. "या लोकांना डोकं दिलं ना, की ते असंच चालतं. चोरीत."

या लोकांना म्हणजे कोणत्या, ते कुणी विचारलं नाही. सगळ्यांना कळलं होतं. मला तर कळलंच होतं.

वाशीच्या एपीएमसी मार्केटात धान्याच्या गाळ्यावर मी फोन घ्यायचं काम करायची. रोज दिघ्याहून यायची. बाप तिकडच्याच एका केमिकल कंपनीत ठेकेदाराच्या हाताखाली ड्रम उचलायचा. मी दहावी पास झालेली घरातली पहिली. अक्षर चांगलं होतं म्हणून भाव लिहून घ्यायला ठेवलं. पहिल्याच दिवशी शेठनं सांगितलं, "फोनवर आडनाव सांगायचं नाही. नुसतं ऑफिसमधून बोलते म्हणायचं." मी मान डोलावली. तेव्हा मी सगळ्यालाच मान डोलवायची. त्या मानेची मला अजून चीड येते.

बटणांचे फोन तेव्हा निघाले होते. शेठनं डायलचाच ठेवला, कारण त्याला कुलूप बसायचं. आलेला फोन घेता यायचा, लावता यायचा नाही. दुपारी शेठ जेवायला घरी गेले की कुलूप लागायचं. आजूबाजूच्या गाळ्यांतही तीच पद्धत. पाण्याच्या माठाला कुणी कुलूप लावत नव्हतं, पण फोनला लावायचे.

त्या दुपारच्या वेळात वाचायला माझ्याकडं एकच पुस्तक होतं. टेलिफोन डिरेक्टरी. तिच्या पुढच्या पानांवर सगळे नियम छापलेले असायचे, इंग्रजीत. जादा लांब वायरीला किती, फोन दुसऱ्या जागी हलवायला किती, कोणत्या वेळेत बाहेरगावचा दर अर्धा. अडत अडत वाचायची, अडलं की दिवाणजींना विचारायची. ते म्हणायचे, "तुला काय करायचंय गं? तुझ्या घरी फोन येणारे होय?"

कुलपाची गोष्ट मला लाइनमननं सांगितली. खाडीकाठच्या गावचा, वयानं बापाएवढा. एकदा फोन दुरुस्त करायला आला, कुलूप बघून हसला. "कुलूप डायलला हाय, लायनीला नाय," म्हणाला. डायल फिरवली की लाइन तुटते आणि जोडते, एवढंच तर होतं. तेच बोंडं दाबून करायचं. एकला एकदा, दोनला दोनदा, शून्याला दहा वेळा. हात एका लयीत पाहिजे. मला गंमत वाटली. मी रिसीव्हर न उचलता नुसता हात बसवला. फोन मात्र कधी लावला नाही. लावणार कुणाला?

मग ती दुपार आली. मागच्या बाजूला ज्वारीच्या पोत्यांची थप्पी कोसळली आणि बाबूमामा तिच्याखाली सापडला. बाबूमामा आमच्या गाळ्यावरचा जुना माथाडी. पोती बाजूला केली तर छाती दबलेली, तोंडातून रक्त. शेठ घरी. किल्ली शेठकडं. शेजारच्या फोनला तसंच कुलूप. बूथ पार मेन गेटपाशी. बाबूमामाचा भाऊ नुसता ओरडत होता, "कुनीतरी गाडी बोलवा रे."

मी रिसीव्हर उचलला. एकदा. दहा वेळा. दोनदा. घाईत पहिल्यांदा लय चुकली. दुसऱ्यांदा लागला. ॲम्ब्युलन्स आली. डॉक्टर म्हणाले, अर्धा तास उशीर झाला असता तर हातचा गेला असता.

संध्याकाळी शेठनं विचारलं, फोन कुणी लावला? मी खरं सांगितलं. ते शाबास म्हणाले. दहा दिवसांनी फोनचं बिल आलं. तीन महिन्यांचं बिल, नेहमीच्या चौपट, सगळे बाहेरगावचे एसटीडी फोन. आणि जिनं माणूस वाचवला तिचीच पर्स उपडी झाली. कुलूप असताना फोन लावता येतो ना? मग चोर हीच. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ते मी त्या दिवशी बघितलं.

शेठनं कोरा कागद पुढं केला. "लिही. मी तीन महिने ऑफिसच्या फोनवरून चोरून बाहेरगावी बोलले. पैसे पगारातून कापून घ्यावेत. खाली सही. लिहिलंस तर कामावर ठेवतो. नाहीतर मार्केटात कुठल्या गाळ्यावर उभी राहतेस ते बघतो."

मी पेन घेतलं. 'मी' एवढं लिहिलं. घरात चार तोंडं होती, बापाला महिन्यात पंधरा दिवस काम मिळायचं. लिहून टाकणार होते, खोटं कशाला सांगू. मग शेठचे शब्द आठवले, 'बाहेरगावी बोलले.' आणि डोक्यात काहीतरी पेटलं. कुणाशी बोलले? माझ्या सगळ्या गणगोतात एकाच्याही घरी फोन नव्हता. गावात चावडीवरसुद्धा नव्हता.

मी मान वर केली. "शेठ, माझ्या ओळखीतला फोन असलेला एक माणूस दाखवा. मी सही करते."

शेठनं बोटानं कागद माझ्याकडं आणखी सरकवला.

"आणि या कुलपाबरोबर दोन किल्ल्या येतात. एक तुमच्या साखळीत आहे. दुसरी कुणाकडं आहे?"

भाचा पंख्याकडं बघायला लागला. दुसरी किल्ली त्याच्याकडं असते हे दिवाणजींना माहीत होतं, माथाड्यांना माहीत होतं, चहावाल्याला माहीत होतं. बाबूमामाचा भाऊ माझ्यासमोर उभा होता. तो मघाशी हसला नव्हता. पण आता बोललाही नाही. त्याचा राग मला शेठच्या रागाएवढाच आला.

"घरच्या माणसाचं नाव घेते," शेठ उठले. "तुझी लायकी काय?"

मी कागदावरचं 'मी' तसंच ठेवलं आणि पुढं माझं लिहिलं. मी कुलूप असताना एकच फोन लावला, ॲम्ब्युलन्सला. त्या नंबरला पैसे पडत नाहीत, हे डिरेक्टरीच्या पुढच्या पानांवर छापलंय. बाहेरगावचे फोन मी केले नाहीत. अर्ज केला की कोणत्या नंबरला कधी फोन झाला त्याचं तपशीलवार बिल मिळतं, हेही तिथंच छापलंय. शेठनं ते मागवावं. खाली सही केली, आडनावासकट.

मग खाली बसून माझ्या वस्तू गोळा केल्या. तो कपडा उचलला, सगळ्यांसमोर नीट घडी घातली, पर्समध्ये ठेवला. घाई केली नाही. बावीस दिवसांचा पगार तिथंच राहिला.

घरी बाप म्हणाला, "पोरी, एक सही तर होती. पोटापुढं सहीचं काय एवढं?" तो रागावला नव्हता, घाबरला होता. जन्मभर त्यानं अशाच सह्या केल्या होत्या. मी त्या रात्री जेवले नाही आणि त्याच्याशी दोन दिवस बोलले नाही.

महिन्याभरानं दिवाणजी दिघ्याला आमच्या दारात आले. तपशिलाचं बिल आलं होतं. सगळे फोन एकाच नंबरला, भाच्याच्या दोस्ताकडं. भाच्याला गावी धाडलं होतं. "शेठ म्हणतात, ये कामावर. राहिलेला पगार देतो, वर पन्नास वाढवतो. झालं गेलं गंगेला मिळालं."

बाप माझ्याकडं बघत होता. मी विचारलं, "शेठ काय म्हणाले?"

"सांगितलं की."

"चुकलो म्हणाले का?"

दिवाणजी हसले. "शेठ लोक असं म्हणतात होय गं?"

"म्हणायला सांगा. गाळ्यावर, त्याच सगळ्यांसमोर. तेव्हा येईन."

ते गेले. शेठ कधी म्हणाले नाहीत. मी त्या गाळ्याची पायरी पुन्हा चढले नाही. पुढं चार महिने घरी बसले, मग तुर्भ्याला पॅकिंगच्या कामाला लागले. तिथं पगार कमी होता आणि दिवसभर उभं राहावं लागायचं. त्या चार महिन्यांत घरात काय शिजलं आणि काय नाही, ते मला माहीत आहे. तरी पस्तावले नाही.

लोक म्हणतात, त्यानं माणूस तर पाठवला होता, एवढं कशाला ताणायचं. मी ताणते. अपमान चारचौघांत करायचा आणि दिलगिरी दुसऱ्याच्या तोंडून दारात पाठवायची, वर पन्नास रुपये ठेवून. हा व्यवहार मला तेव्हा मंजूर नव्हता, आजही नाही. ज्यांच्यासमोर मला चोर म्हटलं, त्यांच्यासमोरच शेठनं म्हणायचं, ही चोर नाही. त्याहून कमी मी काही घेणार नाही.