फ्लँडर्सची अक्कल आणि लेकीचा शालू

धाकटा भाऊ इंग्रजांच्या पलटणीत खेचरं हाकायला गेला आणि लढाईहून परतला तो फ्रान्स-बेल्जमच्या हद्दीवरचा फ्लँडर्स मुलूख डोक्यात घेऊनच. भाकर मोडली की फ्लँडर्स, पान जुळवलं की फ्लँडर्स.

"आमच्या फ्लँडर्सात दादा, घरात एक बोली, कचेरीत दुसरीच!"

अरे बाबा, आमच्या घरात मराठी आणि कचेरीत उर्दू. ते बघायला समुद्र कशाला ओलांडायचा? तिकडं म्हणे सोयरेधायरे हद्दीच्या दोन्ही अंगांना. आम्ही कडा गावाजवळ, निजामाच्या हद्दीत. सासुरवाडी पलीकडं, इंग्रजांच्या नगर जिल्ह्यात. मधे करोडगिरीचा नाका, म्हणजे बाहेरून येणाऱ्या मालाची जकात घेणारी चौकी.

लेकीचं लग्न ठरलं. तिला शालू हवा होता तो नगरचाच. तिच्या मामानं घेऊनही ठेवला. अंगावरच्या कपड्याला जकात नसे, म्हणून बायको म्हणाली, "मी नेसून येते की!"

आई कडाडली, "नवरीचा कोरा शालू आदी दुसऱ्या बाईच्या अंगाला? आपल्यात चालत न्हाई."

सरळ जकात भरून मोकळं व्हावं, तर ते आमच्या गावात लई कमीपणाचं. नाका चुकवता न येणारा माणूस म्हणजे वाया गेलेला.

इथं भावानं फ्लँडर्स काढलं. तिकडं तंबाखू कुत्र्याच्या पाठीला बांधतात. कुत्रं पल्याड नेऊन उपाशी ठेवायचं आणि सोडून द्यायचं. ते जेवणाच्या ओढीनं रानातून थेट घरी. मी नको म्हणालो. म्हणजे म्हणालो असेन. आमच्या घरात ते कुणाला ऐकू जात नाही.

आमच्याच कुत्र्याला पल्याड नेऊन, जुनं धोतर बांधून करून पाहिलं. कुत्रं धावत घरी आलं. भावाची छाती फुगली. शालूसाठी त्यानं ईदचा दिवस धरला, नाक्यावरची माणसं सणात गुंतलेली असतील म्हणून. झालं! भाऊ कुत्रं घेऊन पल्याड गेला आणि मी, नातवंडांची वाट बघायच्या वयाचा गृहस्थ, दूधभाकरीची ताटली घेऊन दुपारभर बांधावर उभा. कुत्र्याचा पत्ता नाही. घरात लेक रडायला लागली.

मग नाक्यावरून बोलावणं आलं. भाऊही तोवर पल्याडहून परतला होता. त्याला घेऊन गेलो. नाक्याचे कारकून मुन्शीजी, त्यांच्या चुलीपाशी कुत्रं हाडूक फोडत बसलेलं आणि पाठीवर शालूचं गाठोडं.

"आपका कुत्ता तो रोजच आता इधर," मुन्शीजी म्हणाले. "रमजान में दिन को चूल्हा ठंडा, तो नै आया. पन इत्ता सजधजके आज पयली बार आया!"

धोतराची परीक्षा आम्ही घेतली ती ऐन रोज्यांत. हे फ्लँडर्सवाल्याच्या ध्यानात आलं नाही आणि गावात राहून माझ्याही नाही.

मुन्शीजींनी सणाचा दिवस म्हणून दंड सोडला, जकात मात्र घेतली. वर शीरखुर्म्याला बसवलं. जमीन दुभंगावी असं मला वाटत होतं. भाऊ दुसरी वाटी पुढं करून मुन्शीजींना फ्लँडर्सातली कुत्री सांगत होता.

घरी पोचताच लेकीनं गाठोडं हिसकून सोडलं. काठाला रश्श्याचा डाग. आईनं तोंड उघडलं, तशी पोरगी म्हणाली, "आजी, हाच नेसणार. न्हाईतर बोहल्यावर उभी ऱ्हात न्हाई."

डाग निऱ्यांत दडवून लेक बोहल्यावर उभी राहिली, आणि मांडवातल्या बाया शालूवर हात फिरवून नगरच्या पेठेचं कौतुक करत होत्या.