मॅकमॉरोंच्या रानात पाणी मुरेना

लेट्रिम परगण्यात डर्व्हला गॅलग्लीला चहा सगळेच पाजत, पण तिला दारात पाहून कुणाचा चेहरा खुलत नसे. खेड्यात घर बांधायचं तर सांडपाणी आपल्याच जमिनीत मुरायला हवं, आणि ते मुरेल की नाही हे ठरवायचं काम तिचं. खड्डा खणायचा, पाणी ओतायचं, किती वेळात खाली जातं ते पाहायचं. तिथल्या चिकणमातीत ते बहुधा जातच नसे. फाटकाशी पाणथळीत उगवणारी लव्हाळी दिसली की तिला निकाल कळे. तरी ती बूट चढवून खड्डा पुरा खणायची. नकार द्यायचा तर घाम गाळून द्यावा, असं तिचं मत.

"या बाईनं अख्खा परगणा नापास केलाय," असं म्हातारा ह्यूई मलवी दुकानात ऐकवी. त्याच्या मुलाला रस्त्यालगत घर हवं होतं. ती जागा डर्व्हलानं नाकारली आणि मुलगा ऑस्ट्रेलियाला निघून गेला. तेव्हापासून ह्यूईनं तिच्याशी बोलणं टाकलं होतं.

अशा डर्व्हलाचं दुधाचा टँकर चालवणाऱ्या काहल मॅकमॉरोशी जमलं. काहल मोजकंच बोलणारा. एकदा गाडी चालवता चालवता म्हणाला, "आईच्या घरामागच्या रानात घर बांधू."

डर्व्हलानं ते रान पाहिलं होतं. त्या रानात गाईंपेक्षा बेडूक जास्त होते.

स्वतःच्या घराची जागा स्वतः तपासणं बरं दिसेना, म्हणून तिनं शेजारच्या स्लायगोतून हेच काम करणाऱ्या फर्गल टॅन्सीला बोलावलं. गंमत बघायला ह्यूई सकाळपासूनच बांधाला टेकून उभा. फर्गलनं खड्ड्यात पाणी ओतलं, आणि काहलच्या आईनं, बर्नीबाईंनी, सगळ्यांना आत नेलं.

"केकचा अजून एक तुकडा घे, फर्गल. पाखरासारखा खातोस."

"हा तिसरा आहे, मिसेस मॅकमॉरो."

"मग चौथा घे. मी जरा कोंबड्यांना दाणे टाकून येते."

त्या परतल्या, मंडळी बाहेर आली. फर्गलनं काठी खड्ड्यात घालून पाहिली आणि खूश झाला. "अरे वा, छान मुरतंय की."

डर्व्हलाचं लक्ष बर्नीबाईंच्या बाहीकडे गेलं. कोपरापर्यंत निळसर चिखल. कोंबड्यांना दाणे टाकताना एवढा चिखल लागत नाही. ती गप्प बसली असती तर फर्गलनं सही केली असती, घर उभं राहिलं असतं, आणि हिवाळ्यात सगळी घाण वर येऊन गाई पाणी पितात त्या ओढ्याला मिळाली असती. तिनं काहलकडे पाहिलं. लग्न राहतंय की मोडतंय, तिला काही कळेना.

"फर्गल," ती म्हणाली, "इथे पाणी मुरतंय, पण जमिनीत नाही. परत पाणी भर."

बर्नीबाई तिच्याकडे न बघता मुलाला म्हणाल्या, "उंबरा ओलांडायच्या आधीच घर घालवलं हिनं."

काहलनं टोपी नीट केली, बादली उचलली आणि नळाकडे गेला. डर्व्हलाला तेवढं पुरलं.

संध्याकाळपर्यंत पाणी जागचं हललं नाही. जमीन नापास. बर्नीबाईंनी अबोला धरला, तो चर्चमध्ये शेजारी बसूनही पाळला.

काही दिवसांनी ह्यूई डर्व्हलाच्या दारात आला. "म्हातारीला तांब्या घेऊन खड्ड्यात वाकताना मी पाहिलं होतं," तो म्हणाला. "तू गप्प बसलीस की गावभर सांगायचं ठरवलं होतं. तू तर स्वतःच बोललीस. माझा सगळा बेत फसवलास."

"सॉरी, ह्यूई."

"माझा उंचवटा आहे ना मागचा, तिथे हिवाळ्यातही गाई कोरड्या उठतात. जागा घ्या. बदल्यात ते बेडकांचं रान माझ्या गाईंना चरायला द्या."

"तो उंचवटा तुमच्या मुलासाठी..."

"तुझ्यामुळे मुलगा गेला असं सांगत फिरलो मी. तो तसाही जाणारच होता, पोरी."

उंचवट्याखाली वाळूमिश्रित माती निघाली. फर्गलनं ओतलेलं पाणी हळूहळू, शहाण्यासारखं खाली गेलं. तिथे आता घर आहे. पाया घालायच्या दिवशी बर्नीबाई आल्या, चहूकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "वारा फार आहे इथे." अबोला तिथेच सुटला.

ह्यूईनं मुलाला फोनवर सगळं सांगितलं. मुलगा रुसला, "ही जागा मला का नाही दाखवलीस?"

"दाखवली होती," ह्यूई म्हणाला. "तुला रस्ता हवा होता."