चौकातल्या शाळेत माफी कुणाची मागायची

सातवीतली सना अजून शाळेत आलेली नाही. मुख्याध्यापिका शाहिदाबाजींनी आज सकाळी फोनवर तसं सांगितलं.

मी गेल्या आठवड्यात लखनौला गेलो ते पुतणीच्या लग्नासाठी चिकनकारी भरतकामाचे कपडे आणायला. २०१७चा फेब्रुवारी, सकाळी स्वेटर लागत होता. उतरलो जानकीपुरमला, मामेभावाकडे. त्याची बायको मेधावहिनी चौक या जुन्या वस्तीतल्या मुस्लिम मुलींच्या शाळेत कॉम्प्युटर शिकवते. "भावजी, कापड तिथलंच घ्या. चला माझ्याबरोबर," ती म्हणाली. दोन टेम्पो, म्हणजे शेअर रिक्षा, बदलावे लागतात, शेवटच्या गल्ल्या पायी. लवकर निघालात तर निहारी-कुलचा, म्हणजे मटणाचा रस्सा आणि रोटी, गरम मिळतो.

शाळेत पोचताच बाजींनी वहिनीला बोलावलं. आदल्या दिवशी तिने चाचणीत कॉपी करणाऱ्या मुलींची नावं पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली होती. सनाच्या वडिलांनी निरोप धाडला होता: मुलगी आता घरीच राहील.

"कॉपी तो की थी उसने," वहिनी म्हणाली.

"की थी. उसकी सज़ा दोबारा इम्तहान है, पूरा मोहल्ला नहीं. किसी का ऐब ढकना हमारे यहाँ फ़र्ज़ है, मेधा."

"ग्रुप पर माफ़ी लिख देती हूँ."

"ताकि जो भूल गए, उन्हें भी याद आ जाए? जिसका हक़ मारा, पहले माफ़ी उससे. ख़ुदा उसके बाद सुनेगा."

दुपारी तिघं सनाच्या घरी गेलो. वडील कापडावर नक्षीचे ठसे उठवत होते. मान वर न करता म्हणाले, "पहले शिकायत बाप तक आती थी. इस बार कानपुर वाली फूफी ने मुझे बताया."

वहिनीने सनासमोर बसून माफी मागितली. मुलीने ऐकून घेतलं आणि विचारलं, "मैम, लिखा सबके सामने, माफ़ी अकेले में?"

"मशवरे में रखेंगे," बाजी म्हणाल्या.

पुतणीला कुर्ते आवडले. नाशिकला परतल्यावर माझ्या मुलाच्या शाळेच्या ग्रुपवर फी न भरलेल्यांची यादी आली. न वाचता सोडली म्हणालो तर खोटं होईल. वाचली, शेवटपर्यंत. मग शाळेला फोन करून ती काढायला सांगितली. अजून तिथेच आहे.

चौकात शनिवारी मशवरा आहे, म्हणजे शिक्षक आणि पालकांची सल्लामसलत. माफी ग्रुपवर लिहायची का आणि कोणत्या शब्दांत, हे तिथे ठरेल. सगळ्यांत आधी सनाने बोलावं, असं बाजींनी कळवलंय. वडील तिला घेऊन येणार आहेत. दप्तर बरोबर असेल की नाही, ते त्यांनी सांगितलेलं नाही.