वरवंटा निजला, पोर पळालं

आमच्या पोराला चालण्याआधी चढता येऊ लागलं. पाटावरून डब्यावर, डब्यावरून कणगीवर, आणि तिथून खाली कसं उतरायचं याचा विचार नंतर. झोळीत निजवावं तर पिकलेला फणस पडावा तसा धपकन खाली यायचा आणि न रडता दाराची वाट धरायचा. रडला असता तर बरं झालं असतं, निदान कळलं तरी असतं.

लोणावळ्यात रेल्वेच्या चाळीत आमची एक खोली. तीत आमचे हे, मी, सासूबाई आणि हा एवढासा दरोडेखोर. हे यार्डात सांधेवाले होते, सांधे फिरवून गाड्या या रुळावरून त्या रुळावर घ्यायचे. खोलीमागे परस, परसामागे तारेचं कुंपण आणि कुंपणाला लागून लाईन. घाटात विजेची इंजिनं नुकती सुरू झाली होती. कोळशाचं इंजिन बिचारं खोकत, धापा टाकत यायचं, म्हाताऱ्या पाहुण्यासारखं लांबूनच कळायचं. हे नवं मात्र मांजराच्या पावलानं यायचं. शेजारी एक मुसलमान फिटर राहायचा. त्याच्या बायकोला सगळी चाळ मावशी म्हणायची. तिची शेळी त्या मांजरपावलांनी नेली, तेव्हापासून माझा एक कान कायम लाईनीकडे. मला सोनं नको होतं, नाणं नको होतं. पोर कुंपणापलीकडे जाऊ नये, एवढंच एक मागणं होतं.

यांचं म्हणणं, पळणाऱ्या वस्तूला लोखंडाशिवाय अक्कल येत नाही. "अख्ख्या मालगाड्या मी सांध्यावर आणतो, एक पोर आणता येईना?" असं म्हणून एका सकाळी हे यार्डातल्या दोन खलाशांच्या डोक्यावरून एक खाट घेऊन आले. बदली झालेल्या गोऱ्या ड्रायव्हरनं मागं टाकलेली ती खाट, चारी बाजूंनी लोखंडी गज असलेली, पांढऱ्या रंगाची. वाटेत स्टेशनासमोरून उगाच एक वळसा घेतला होता, हे खलाशांनीच मला सांगितलं. खाट खोलीत बसली आणि आम्ही तिघं जवळजवळ खोलीबाहेर आलो. चाळ बघायला लोटली. ज्याला त्याला हे सांगत होते, "साहेबाचं पोर ह्याच्यात टाकलं की आपलं आपण निजतं. गाणं नाही, झोका नाही." साहेबाच्या पोराला तिथं ठेवून साहेब-मडम क्लबात जात असतील आणि पोर रडून रडून निजत असेल, असं माझ्या मनात आलं. पण मनातलं बोलायची खोली ती नव्हती.

सासूबाई मावळातल्या नवलाख उंबरे गावच्या. त्यांनी खाटेभोवती एक फेरी मारली, गज वाजवून बघितले आणि म्हणाल्या, "परक्याची खाट. तिच्यात आदी दगूड निजंल, मग माजा नातू."

आमच्याकडे बारशाला पाळण्यात आधी वरवंटा घालतात. त्याला कुंची घालायची, हळदकुंकू लावायचं, बाळ म्हणून जोजवायचं. काय इडापिडा असेल ती दगडाला लागावी. तसा आमचा वरवंटा खाटेत निजला. त्याला अंगाई झाली, यांनीही मान डोलावली. मी आपली समजत होते की विधी झाला, आता वरवंटा पाट्यावर जाईल. पण सासूबाई म्हणाल्या, "जावळ निघंस्तवर दगूड हालवायचा न्हाई. राखणीला बसलाय त्यो." आणि जावळ होतं कुलदैवतापाशी, कुलदैवताला जायला रजा हवी, रजा साहेब देईना. त्यामुळे वरवंट्याला खाटेत नोकरी लागली ती कायमची. मी चटणी वाटायला रोज मावशीचा वरवंटा मागून आणू लागले. मावशी हसून म्हणायची, "तुमचा निजलाय, आमचा जागा हाय. न्या."

दुसऱ्याच दिवशी दुपारी पोर खाटेबाहेर.

यांनी गजांवर खोक्याच्या फळ्या बांधल्या. पोर बाहेर. फळ्यांवर बांबू बांधले. पोर बाहेर. खाट दिसायला आंब्याच्या पेटीसारखी झाली आणि आत पोर कमी आणि चढायच्या पायऱ्या जास्त दिसू लागल्या. चाळीत तर्क सुरू झाले. कुणी म्हणालं दृष्ट लागली, कुणी म्हणालं आईचं दूध अंगात मावत नाही. सासूबाईंनी मीठमोहऱ्या ओवाळल्या. हे रोज संध्याकाळी तारेचा एक वेढा वाढवून "आता बघतो" म्हणायचे आणि पोर रोज दुपारी दाखवायचं. कोपऱ्यात कुंची घालून बसलेल्या वरवंट्याकडे मात्र कुणीही बघितलं नाही. राखणदारावर कोण संशय घेतं?

शेवटी मीच एका दुपारी हंडा घेऊन नळावर निघाल्याचं सोंग केलं आणि दाराआड उभी राहिले. सासूबाई उंबऱ्याशी भिंतीला टेकून डुलकी घेत होत्या. पोर उठून बसलं. त्यानं इकडं तिकडं बघितलं, दोन्ही हातांनी वरवंटा ढकलत कोपऱ्यातल्या उशीला टेकवून तिरपा उभा केला, त्यावर पाय दिला, तिथून गजाच्या आडव्या पट्टीवर, आणि फळ्या-बांबू ओलांडून पलीकडं लोंबकळलं. सगळं इतक्या सरावानं की यांनी बघितलं असतं तर रेल्वेत भरती केलं असतं. मी धावणार, तेवढ्यात सासूबाईंचा आवाज आला, "ये रं माज्या वाघा."

त्या झोपलेल्याच नव्हत्या. पोर त्यांच्या मांडीवर गेलं. त्यांनी कनवटीचा गूळ काढून त्याच्या तोंडात घातला आणि परत डोळे मिटले.

माझा संताप झाला. "आत्याबाई, हे काय? मागं लाईन आहे!"

"पिंजऱ्यात पोपट ठेवत्यात, नातू न्हाई," त्या शांतपणे म्हणाल्या. "माज्यापुडं कुटं जातंय? गूळ हाय तितंच येतंय."

यांना सांगितलं, तर म्हणाले, "आय असं करायची नाही. बांबूच कमी पडले." आणि वरवंट्याला हात लावायची माझी प्राज्ञा नव्हती.

मग एकादशी आली. सासूबाईंनी उपासाची रताळी अशी खाल्ली की एरवी इतकं खातात तरी का, असं वाटावं. त्या दुपारी त्यांना खरीच झोप लागली. मी नळावरून आले तर खाट रिकामी, वरवंटा कोपऱ्यात तिरपा उभा आणि सासूबाई घोरत होत्या. पोर त्यांच्यापाशी येऊन गेलं होतं, कारण कनवटीचं लुगडं ओढलेलं दिसत होतं. गूळ मिळाला नव्हता. म्हणून ते पुढं गेलं होतं.

मी हंडा टाकला. मागल्या दारातून परसात धावले. कुंपणाच्या खालच्या दोन तारांमध्ये पोर अर्धं पलीकडं होतं. डोकं, हात लाईनीकडं. पाठीवरचं झबलं तारेच्या काट्यात अडकून ताणलं होतं आणि पोर चिडून बैलासारखं ओढ घेत होतं. ते झबलं सासूबाईंनी आपल्या जुन्या लुगड्याचं शिवलेलं, 'वाढत्या अंगाचं', म्हणजे दोन पोरं मावतील एवढं. हे त्याला तंबू म्हणून हसायचे. मी पोराला मागं खेचून छातीशी धरलं, तोच इंजिन आलं. आवाज आला तेव्हा ते समोरच होतं. डब्यामागून डबे गेले. पोरानं माझ्या खांद्यावरून हात हलवून त्याला टाटा केला. मी तिथंच मोठ्यानं रडले.

आवाजानं सासूबाई धावत आल्या. त्यांनी तार बघितली, तारेवर राहिलेली लुगड्याची चिंधी बघितली. मला वाटलं, आता काहीतरी म्हणतील. निदान मलाच बोल लावतील, ती तर त्यांची रोजची रीत. त्या आत गेल्या. वरवंट्याची कुंची सोडली, हळदकुंकू पदरानं पुसलं आणि जावळाआधीच दोन्ही हातांनी तो उचलून पाट्यावर आणून ठेवला. ठेवताना जरा आपटलाच.

"वाट उद्याची चटणी," म्हणाल्या.

संध्याकाळी यांनी येऊन बांबूंची नवी मोळी दारात टाकली. मी ती चुलीला लावली. खाटेत कांदे भरले, ते मात्र एकदाही पळाले नाहीत. पोर आमच्यात खालीच निजू लागलं.

सासूबाईंनी त्यानंतर दुपारची झोप सोडली. पोर निजलं की त्या शेजारी बसायच्या आणि त्याच्या झबल्याचं टोक पायाच्या अंगठ्याखाली दाबून धरायच्या. ऊन असो, अंगात कणकण असो. मी म्हणायची, "आत्याबाई, पडा जरा, मी आहे ना."

"व्हय, पडते," म्हणायच्या आणि अंगठा तसाच ठेवून बसायच्या.